डाव्या पायाचा भाव

दिवाळ्याच्या जेटीवर तीस वर्षं मी मासळी विकते,
म्हणून क्लबने मला खजिनदार केलं.
कोळीण भाव पडू देत नाही, व्हर्गीस सर म्हणाले होते,
आणि तेव्हा मी हसले होते.

आज पुण्याहून दोघं आलेत.
इस्त्रीचे टी-शर्ट, मांडीवर लॅपटॉप.
त्यात निकेत धावतोय, आमचाच निकेत,
घारीने वरून बघावा तसा,
आणि त्याच्या मागे मागे एक पिवळी रेघ.
"साडेचार लाख," म्हणाले.
मी गप्प.
गिऱ्हाइकाने पहिला आकडा टाकला
की आपण पाटीवर पाणी शिंपडायचं,
एवढं मला कळतं.

मासा दुपारनंतर भाव सोडतो.
सोळा वर्षांचं पोर कधी सोडतं?
हेमल तांडेलला आम्ही थांबवला होता,
"एक सीझन रे, एकच," मीच म्हणाले होते.
डिसेंबरात वाशीला मॅच, चौतिसाव्या मिनिटाला
तो खाली बसला,
मागे खुर्ची आहे समजून बसावं तसा.
आता उलव्याला पाण्याचे कॅन पोचवतो.
दिसले की कॅन खाली ठेवून माझ्या पाया पडतो.
ते मला सोसत नाही.

त्याच्या आधी रोहिदासला विकला,
त्या पैशांतून मैदानाला चार दिवे लागले.
दोन चालू आहेत.

या दोघांना निकेतचा डावा पाय हवाय.
तो पाय कुठून आला ते लॅपटॉपात नाही.
आठ वर्षांचा होता. बॉल तिवरांत गेला,
हा चिखलात उतरला,
कालवाच्या शिंपल्याने उजवा तळवा चिरला. सात टाके.
दीड महिना उजवा पाय प्लास्टिकच्या पिशवीत,
आणि हा डाव्याने खेळत राहिला
बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी.
भिंतीवर अजून त्याचे गोल गोल डाग आहेत.
ते कुठल्या रकान्यात धरू?

"दोनच मॅच उरल्यात," व्हर्गीस सर माझ्या कानाशी,
"जिंकलो तर वरच्या डिव्हिजनला."
वर गेलो तर रेफ्रीची फी वाढेल, बसचं भाडं वाढेल,
हे त्यांच्या कानाशी कोण बोलणार.
सिडकोची भाडेपट्ट्याची नोटीस
माझ्या टोपलीखाली पडलीय, दुमडून दुमडून लहान केलेली.

निकेतचा बाप दारात उभा. आत येत नाही.
त्याच्या होडीचं इंजिन तीन आठवडे उघडं पडलंय.
"जाव दे त्याला, गो बाय."
एवढंच.
आणि निकेतला कुणी विचारलंच नव्हतं.
मी विचारलं.
तो म्हणाला, "तिथं जेवणात मासे देतात का?"
पुण्याचे हसले.

सहावर आले. वर लिहून घेतलं,
पुढे कुणाला विकला तर दहावा हिस्सा आमचा.
आणि त्या दोन मॅच तो इथेच खेळेल.
इथे मात्र दोघांनी एकमेकांकडे बघितलं,
"काकी, इजा झाली तर?"
मला हेमल दिसला, नसलेल्या खुर्चीवर बसताना.
ते कलम मी माझ्याच पेनाने खोडलं.
व्हर्गीस सर उठून बाहेर गेले,
चहा तसाच.

संध्याकाळी मैदानावर गेले.
दोन दिव्यांचा उजेड, त्यात वीस पोरं,
आणि भोईरांची धाकटी, अनवाणी,
तिघांना चुकवून निघाली ती थेट गोलपर्यंत.
किती वर्षांची गं ही,
शेजारच्या बाईला मी विचारणारच होते.
मग पदराला हात पुसले. कोरडेच होते, तरी पुसले.
तेवढ्यात बॉल उडाला तिवरांत,
पोरं कुंपणाकडे पळाली.
"थांबा रे! कुणी उतरायचं नाही,"
मी ओरडले,
आणि साडी खोचून
स्वतःच चिखलात उतरले.